चार शिलिंग आणि चाळीस हजार पौंड: ‘मिसेस वॉरेन्स प्रोफेशन’ला इंग्लंड का घाबरलं?

१८९३ साली लंडनमध्ये नाटक रंगमंचावर आणायचं, तर त्याची संहिता आधी लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीत पाठवावी लागायची. लॉर्ड चेंबरलेन हा राजघराण्याचा अधिकारी. त्याच्या हाताखालचा परीक्षक संहिता वाचायचा, खटकेल ते कापायला लावायचा आणि मग परवाना द्यायचा किंवा नाकारायचा. नकाराविरुद्ध दाद मागायची सोय नव्हती. रॉबर्ट वॉलपोल पंतप्रधान असताना, १७३७ मध्ये, सरकारची टवाळी करणारी नाटकं आवरण्यासाठी हा कायदा झाला. १८४३ मध्ये तो नव्याने बांधला गेला आणि थेट १९६८ पर्यंत टिकला. राजकारण्यांना वाचवण्यासाठी केलेल्या या कायद्याने पुढे सभ्य समाजाची अब्रू राखण्याचं काम अंगावर घेतलं.

त्याच १८९३ सालात दोन नाटकं लिहून तयार होती. पहिलं आर्थर विंग पिनेरोचं ‘द सेकंड मिसेस टँकरे’. त्याची नायिका पॉला हिचं लग्नाआधीचं आयुष्य अनेक पुरुषांच्या आश्रयाने गेलेलं असतं. एक सज्जन विधुर तिच्याशी लग्न करतो, पण भूतकाळ दारात येऊन उभा राहतो आणि पॉला शेवटी आत्महत्या करते. या नाटकाला परवाना मिळाला. मे १८९३ मध्ये ते सेंट जेम्स थिएटरात आलं, खूप गाजलं, आणि पॉलाची भूमिका करणाऱ्या मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल एका रात्रीत नामवंत झाल्या.

दुसरं जॉर्ज बर्नार्ड शॉचं ‘मिसेस वॉरेन्स प्रोफेशन’. तेही लग्नाबाहेर पुरुषांच्या पैशावर जगलेल्या बाईचं. १८९८ मध्ये ते परवान्यासाठी गेलं तेव्हा नकार मिळाला आणि तो नकार १९२४ पर्यंत कायम राहिला. गंमत अशी नाही, गंभीर बाब अशी की या नाटकात एकही अश्लील शब्द नाही. मिसेस वॉरेनचा धंदा कोणता, त्याचं नावसुद्धा कुणी उच्चारत नाही. चौथ्या अंकात तिची मुलगी ते दोन शब्द कागदावर लिहून दाखवते आणि लगेच कागद फाडून टाकते. प्रेक्षकाला ते दोन शब्द शेवटपर्यंत ऐकू येत नाहीत.

मग परवाना नाकारण्यासारखं त्यात होतं काय? माझं उत्तर असं: या नाटकात हिशेब आहे. कुणाला किती मजुरी मिळते, कुणाचे पैसे कशात गुंतले आहेत, त्यावर किती टक्के सुटतात, हे सगळं पात्रं आकड्यांनिशी बोलतात. पापाची गोष्ट व्हिक्टोरियन रंगभूमीला चालत होती. तिला पचला नाही तो पापाचा जमाखर्च.

आता गोष्ट. व्हिव्ही वॉरेन २२ वर्षांची, केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गणित शिकलेली. ट्रायपॉस परीक्षेत ती तिसऱ्या रँग्लरच्या बरोबरीला आली आहे. रँग्लर म्हणजे केंब्रिजच्या या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आलेला, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. पुढे १८९९ मध्ये आपले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे तिथेच सीनिअर रँग्लर झाले. फरक इतकाच की परांजप्यांना केंब्रिजची पदवी मिळाली. मुलींना परीक्षेला बसू देत, त्यांचा क्रमांकही जाहीर करत, पण पूर्ण पदवी द्यायला केंब्रिजने १९४८ साल उजाडू दिलं. व्हिव्हीने ही परीक्षा दिली ती आईशी ५० पौंडांचा सौदा करून, आणि आता ती म्हणते की एवढ्या मेहनतीला हा भाव कमी पडला. पहिल्या अंकातच शॉ सांगून टाकतो की ही मुलगी कामाची किंमत मोजणारी आहे.

आई, म्हणजे किटी वॉरेन, बहुतेक काळ युरोपात असते. व्हिव्ही वसतिगृहांत आणि परक्या घरांत वाढली आहे. पैसा नियमित येतो; कुठून येतो ते तिला माहीत नाही. दुसऱ्या अंकात, सरे परगण्यातल्या एका लहानशा घरात रात्री दोघी समोरासमोर बसतात. मुलगी सरळ विचारते, तू कोण आहेस, माझा बाप कोण? आई आधी आईपणाचा हक्क सांगते, चिडते, रडते. मुलीवर कशाचाच परिणाम होत नाही. तेव्हा तिचं इतक्या वर्षांचं घासूनपुसून शिकलेलं उच्चभ्रू बोलणं गळून पडतं आणि ती आपल्या मूळच्या, गरीब वस्तीतल्या बोलीत बोलू लागते. माझ्या मते अख्ख्या नाटकाचं वजन या एका प्रसंगावर आहे.

ती सांगते ते थोडक्यात असं. तिची आई स्वतःला विधवा म्हणवायची. लंडनमधल्या मिंट भागात तिचं तळलेल्या माशांचं दुकान होतं आणि त्यावर चार मुली जगत होत्या. किटी आणि लिझ या दोघी सख्ख्या बहिणी, दिसायला चांगल्या, अंगाने भरलेल्या. बाकीच्या दोन सावत्र, खुज्या, उपाशी दिसणाऱ्या, पण कष्टाळू आणि सरळमार्गी.

सरळमार्गी होत्या त्यांचं काय झालं? एक, अ‍ॅन जेन, सफेद्याच्या कारखान्यात लागली. रोज बारा तास काम, आठवड्याला नऊ शिलिंग. सफेदा म्हणजे रंगात घालायची पांढरी भुकटी, ती शिशापासून बनते. कामगारांच्या अंगात शिसं भिनायचं, हात लुळे पडायचे, झटके यायचे. अ‍ॅन जेनला वाटलं होतं, फार तर हात थोडे लुळे पडतील. ती मेली. दुसरीने सरकारी गोदीतल्या मजुराशी लग्न केलं. आठवड्याच्या अठरा शिलिंगांत नवऱ्याची खोली आणि तीन मुलं तिने नीटनेटकी ठेवली. सगळे इतर मुलींना तिचा आदर्श घालून द्यायचे. मग नवरा दारूला लागला. ‘त्यासाठी सरळ राहायचं होतं का?’ असं किटी मुलीला विचारते.

लिझ एके रात्री घराबाहेर पडली ती परतलीच नाही. किटीला एका पाद्र्याने दारू न मिळणाऱ्या खानावळीत भांडी घासायला लावून दिलं. तिथून ती वाढपी झाली, आणि तिथून वॉटर्लू स्टेशनातल्या बारमध्ये गेली. रोज चौदा तास दारू द्यायची, पेले विसळायचे. आठवड्याला चार शिलिंग आणि जेवण-राहणं. लोक याला बढती समजत होते. अशाच एका थंडगार रात्री, ती दमून पेंगुळलेली असताना, एक बाई दारू मागायला समोर उभी राहिली. अंगावर लांब फरचा झगा, पर्समध्ये सोन्याची नाणी. ती लिझ होती.

इथे थोडं थांबून पैशाचा अंदाज घेतला पाहिजे, कारण आज शिलिंग म्हटल्याने डोळ्यांपुढे काहीच येत नाही. वीस शिलिंगांचा एक पौंड. आठवड्याला चार शिलिंग म्हणजे वर्षाला दहा पौंडांच्या जरा वर. अ‍ॅन जेनचे नऊ शिलिंग म्हणजे वर्षाला तेवीस-चोवीस पौंड. हे आकडे लक्षात ठेवा.

शॉने हे चित्र मनाने रंगवलं नव्हतं. तो फेबियन सोसायटीचा कार्यकर्ता होता, आकडे गोळा करणारा समाजवादी. जून १८८८ मध्ये याच सोसायटीच्या एका बैठकीत बायकांच्या मजुरीवर चर्चा झाली. ब्रायंट अँड मे ही आगपेट्या बनवणारी कंपनी भागधारकांना वीस टक्क्यांहून जास्त लाभांश देते आणि कामगार मुलींना आठवड्याला काही शिलिंग, हे तिथे पुढे आलं. ते ऐकून अ‍ॅनी बेझंट कारखान्याच्या दारात गेल्या, मुलींशी बोलल्या आणि ‘लंडनमधली गोरी गुलामगिरी’ असा लेख लिहिला. चार शिलिंग कमावणाऱ्या मुली, पाय अस्वच्छ आहेत किंवा कामाची जागा नीट नाही म्हणून होणारा दंड, आणि काड्यांच्या टोकांना लावायच्या पिवळ्या फॉस्फरसमुळे सडणारे जबडे. जुलैमध्ये सुमारे १,४०० मुली-बायकांनी संप केला आणि जिंकला. याच अ‍ॅनी बेझंट पुढे भारतात आल्या आणि १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. सफेद्याच्या कारखान्यांबद्दल तर १८८३ मध्येच पार्लमेंटला कायदा करावा लागला होता, इतकी माणसं त्यात आजारी पडत होती.

म्हणून मिसेस वॉरेन जेव्हा म्हणते की रूप विकूनच जर दुकानदार, बारवाला आणि खानावळवाला नफा कमावणार असतील, तर तो नफा आपणच का घेऊ नये, तेव्हा ते बेशरम बाईचं बोलणं वाटत नाही. ती लिझबरोबर भागीदारी करते, ब्रसेल्सला घर काढते. अ‍ॅन जेनला विष चढलं त्या कारखान्यापेक्षा बाईमाणसाला आमचं घर कितीतरी बरं होतं, असं ती छातीवर हात ठेवून सांगते. मग लग्नावर येते. सभ्य घरातल्या मुलीला तरी लहानपणापासून काय शिकवतात? एखाद्या श्रीमंत पुरुषाच्या मनात भरायचं आणि लग्न करून त्याच्या पैशाचा लाभ घ्यायचा. मधे एक धार्मिक विधी झाला एवढ्याने चांगल्या-वाईटाचा हिशेब बदलतो का?

१८९३ च्या इंग्लंडमध्ये या प्रश्नाला फार धार होती. लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवण्याचा पूर्ण हक्क १८८२ च्या कायद्याने मिळून जेमतेम दहा-अकरा वर्षं झाली होती. मध्यमवर्गीय मुलीला शिक्षिका किंवा गव्हर्नेस होण्यापलीकडे फारसं काही खुलं नव्हतं, आणि गरीब मुलीला कारखाना, मोलकरणीचं काम किंवा घरी बसून शिवणकाम. आईचं बोलणं ऐकून व्हिव्ही हेलावते. तू साऱ्या इंग्लंडपेक्षा खंबीर आहेस, असं ती आईला म्हणते. कमी कसाच्या लेखकाने पडदा इथेच कायमचा पाडला असता.

शॉ तिसऱ्या अंकात सर जॉर्ज क्रॉफ्ट्सला पुढे आणतो. वय पन्नाशीचं, घराण्याने चालत आलेला ‘सर’ किताब, चांगले कपडे, शिकारीचा शौक. त्याला व्हिव्हीशी लग्न करायचं आहे, आणि ते तो व्यवहार मांडल्यासारखं मांडतो. बोलण्याच्या ओघात बाहेर पडतं की ब्रसेल्सचं घर भूतकाळात जमा झालेलं नाही. ब्रसेल्स, ओस्टेंड, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट अशी साखळी आजही जोरात चालू आहे. त्यात क्रॉफ्ट्सचे किमान चाळीस हजार पौंड गुंतले आहेत. हा धंदा बंद का करत नाही, या प्रश्नावर तो चकित होतो. वाईटात वाईट वर्षीही ३५ टक्के देणारा धंदा कुणी बंद करतं का?

मी हा हिशेब करून पाहिला. चाळीस हजारांवर ३५ टक्के म्हणजे वर्षाला चौदा हजार पौंड. अ‍ॅन जेनला नऊ शिलिंगांच्या दराने एवढे पैसे मिळवायला जवळपास सहाशे वर्षं लागली असती. आणि क्रॉफ्ट्सला त्यासाठी काहीही करावं लागत नाही, तो फक्त भागधारक आहे.

व्हिव्ही त्याला तुच्छतेने बोलते तेव्हा तो जे उत्तर देतो ते मला या नाटकातलं सर्वांत भेदक वाटतं. तू न्यूनहॅममध्ये क्रॉफ्ट्स शिष्यवृत्तीवर शिकलीस ना? ती माझ्या खासदार भावाने दिलेली. त्याला २२ टक्के नफा मिळतो, सहाशे मुली कामाला असलेल्या एका कारखान्यातून. त्यातल्या एकीलाही पोट भरेल इतका पगार नाही. घरचा आधार नसलेल्या मुली मग भागवतात कशा? विचार तुझ्या आईला.

मजुरी पोटापुरतीही मिळत नाही म्हणून कारखान्यातली मुलगी रात्री रस्त्यावर उभी राहते. म्हणजे तिच्या श्रमाची उरलेली किंमत रस्त्यावरचे पुरुष भरतात आणि वाचलेला पैसा मालकाच्या २२ टक्क्यांत जातो. मालक त्यातून शिष्यवृत्ती देतो. शिष्यवृत्तीवर व्हिव्ही गणित शिकते आणि स्वच्छ, ताठ मानेने जगते. तिचा ताठ कणा, तिचा नैतिक राग, तिचं शिक्षण, सगळ्याला हा पैसा लागलेला आहे. क्रॉफ्ट्स पुढे इंग्लंडच्या चर्चवरही येतो: चर्चच्या मालमत्तेच्या भाडेकऱ्यांत दारूवाले आणि पापी लोक नाहीत का? कँटरबरीच्या आर्चबिशपशी यासाठी कुणी संबंध तोडतं का? म्हातारा निर्लज्जपणे बोलतो, पण खोटं बोलत नाही. प्रेक्षागृहात बसलेल्या भागधारकाला, घरमालकाला, चर्चच्या विश्वस्ताला ‘आम्ही नाही त्यातले’ म्हणायला त्याने वाव ठेवला नाही.

हाच धागा शॉने आधीच्या ‘विडोअर्स हाउसेस’मध्येही ओढला होता. ते १८९२ मध्ये इंडिपेंडंट थिएटरने केलं. त्यात एक सभ्य तरुण प्रेयसीच्या बापाचा पैसा गलिच्छ वस्तीतल्या खोल्यांच्या भाड्यातून येतो म्हणून संतापतो, आणि मग त्याला कळतं की त्याचं स्वतःचं उत्पन्नही त्याच खोल्यांवरच्या कर्जाचं व्याज आहे.

नाटकात एक पाद्रीही आहे, रेव्हरंड सॅम्युएल गार्डनर. गावात प्रवचनं देणारा हा गृहस्थ तरुणपणी एका बारमध्ये काम करणाऱ्या मुलीच्या मागे लागला होता. तिला पाठवलेली प्रेमपत्रं परत मिळावीत म्हणून त्याने ५० पौंड देऊ केले, तर तिने दिली नाहीत. ज्ञान म्हणजे सत्ता, आणि मी सत्ता विकत नाही, असं तिने सांगितलं. ती मुलगी म्हणजे किटी. आता त्याच्याच मुलाला, फ्रँकला, व्हिव्ही आवडते, आणि क्रॉफ्ट्स सूड म्हणून सांगून टाकतो की तुम्ही दोघं एकाच बापाची मुलं आहात. हे खरं की खोटं, नाटक शेवटपर्यंत पक्कं सांगत नाही. गार्डनरच्या प्रतिष्ठेला मात्र कुठेही ओरखडा येत नाही. मागच्या चुकांची किंमत बाईने भरायची आणि पुरुषाने प्रवचनं द्यायची, ही त्या समाजाची रीतच होती.

ती रीत कायद्यातही उतरली होती. १८६४, १८६६ आणि १८६९ च्या संसर्गजन्य रोग कायद्यांनी लष्करी छावण्यांच्या गावांत वेश्या असल्याचा संशय असलेल्या कुठल्याही बाईची पोलिसांना सक्तीने शारीरिक तपासणी करवून घेता येत होती. तिच्याकडे जाणाऱ्या सैनिकांची तपासणी नव्हती. जोसेफिन बटलर या बाईंनी याविरुद्ध सतरा वर्षं झुंज दिली आणि १८८६ मध्ये ते कायदे रद्द करवले. आपल्याकडेही इंग्रज सरकारने १८६८ मध्ये असाच कायदा आणला आणि मुंबई शहरातल्या बायकांना त्याचा जाच सोसावा लागला.

आता पिनेरोकडे परत येऊ. पॉला चालते आणि किटी चालत नाही, हे का, ते आता उलगडतं. ‘पतित स्त्री’ या पात्राचा व्हिक्टोरियन साचा ठरलेला होता: ती घसरते, पस्तावते, झिजते, मरते. टॉमस हूडच्या १८४४ च्या प्रसिद्ध कवितेत अशी मुलगी टेम्स नदीत जीव देते, आणि वॉटर्लूचा पूल अशा मरणाशी लोकांच्या मनात जोडला गेला. प्रेक्षक डोळे पुसायचे आणि निर्दोष मनाने घरी जायचे. बाई मेली म्हणजे हिशेब मिटला. किटीच्या गोष्टीतला पाद्रीही तेच म्हणत असतो की लिझ एक दिवस वॉटर्लू पुलावरून उडी मारणार. आणि लिझ कुठे आहे? विंचेस्टरला, कॅथीड्रलजवळ, अत्यंत प्रतिष्ठित बाई म्हणून राहते आहे. सभ्य घरच्या मुलींना नाचाच्या समारंभाला सोबत करते. मला नदीपेक्षा सफेद्याच्या कारखान्याची भीती जास्त वाटत होती, असं किटी म्हणते. हे वाक्य चालू दिलं असतं तर व्हिक्टोरियन करुणकथांचा सगळा कारखानाच बंद पडला असता.

शॉने १९०२ मध्ये प्रस्तावनेत आपलं म्हणणं उघड मांडलं: वेश्याव्यवसायाचं मूळ बाईच्या वाईट चालीत किंवा पुरुषाच्या कामवासनेत शोधू नका, बायकांना इतकं कमी पैसे देऊन इतकं राबवलं जातं की त्यातल्या सर्वांत गरीब बायकांना जगण्यासाठी दुसरा मार्ग उरत नाही.

त्याच वर्षी, ५ जानेवारीला, स्टेज सोसायटीने लंडनमधल्या न्यू लिरिक क्लबात खाजगी प्रयोग केला. सभासदांपुरता प्रयोग असल्याने परवान्याची गरज नव्हती. राणी व्हिक्टोरिया आदल्या वर्षी वारली होती. तिच्या हयातीत हे नाटक रंगमंचावर आलंच नाही. १९०५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत आर्नल्ड डेलीने ते आणलं. न्यू हेवनच्या महापौराने ते बंद पाडलं. न्यूयॉर्कच्या गॅरिक थिएटरात ३० ऑक्टोबरला प्रयोग झाला, आणि त्यानंतर पोलिसांनी कारवाई केली. अश्लीलतेविरुद्ध मोहिमा चालवणारा अँथनी कॉमस्टॉक आधीपासूनच शॉच्या मागे लागला होता. खटल्यात पुढच्या वर्षी सगळे निर्दोष सुटले. इंग्लंडमध्ये परवाना १९२४ मध्ये मिळाला आणि जाहीर प्रयोग १९२५ मध्ये झाला. तोवर कित्येक इंग्रज बायकांना मतदानाचा हक्क मिळून सात वर्षं झाली होती.

एवढं कौतुक करूनही, या नाटकात मला एक मोठी पोकळी दिसते. मिसेस वॉरेन बोलते, क्रॉफ्ट्स बोलतो, व्हिव्ही बोलते. ब्रसेल्स आणि बुडापेस्टच्या घरांत ज्या मुली आहेत त्यातली एकही रंगमंचावर येत नाही. आमच्याकडे मुलींना चांगलं वागवतात, हे आपल्याला फक्त मालकिणीच्या तोंडून कळतं. आणि शॉने शहर निवडलं आहे ब्रसेल्स! १८८० च्या सुमारास इंग्लंडमधून फसवून नेलेल्या अल्पवयीन मुली ब्रसेल्सच्या सरकारमान्य कुंटणखान्यांत असल्याचं उघड झालं होतं. खटले झाले, हाऊस ऑफ लॉर्ड्सने चौकशी समिती नेमली. १८८५ मध्ये डब्ल्यू. टी. स्टेड या संपादकाने लंडनमध्ये तेरा वर्षांची मुलगी पाच पौंडांना मिळते हे स्वतः व्यवहार करून सिद्ध केलं. त्या गदारोळात संमतिवय तेराचं सोळा झालं, आणि व्यवहार बेकायदा ठरल्याने स्टेड स्वतः तुरुंगात गेला. शॉला हे सगळं ठाऊक होतं. मिसेस वॉरेनची बाजू ऐकताना या मुली डोळ्यांपुढे ठेवाव्या लागतात. तिने दारिद्र्यातून सुटका करून घेतली हे खरं. मग तिने तेच दारिद्र्य इतर मुलींना विकत घेण्यासाठी वापरलं, हेही खरं.

शॉला ही बाजू अजिबात दिसली नव्हती असं मात्र नाही. चौथ्या अंकात व्हिव्ही लंडनच्या चॅन्सरी लेनमधल्या कचेरीत विमा-गणिताचं काम करत बसलेली आहे. आईने पाठवलेला महिन्याचा खर्च तिने परत केला आहे. आई येते. आता तुला हे करायची गरज काय, असं मुलगी विचारते. आईचं उत्तर प्रामाणिक आहे: मला काम लागतं, धावपळ लागते, पैसा मिळवायला आवडतो, मी नाही केलं तर दुसरं कुणी करेल. दुसऱ्या अंकातला युक्तिवाद इथे संपतो. उपाशी मुलीचं कारण आता मालकिणीला लागू पडत नाही. व्हिव्ही तिला सांगते की तू एक आयुष्य जगलीस आणि दुसऱ्यावर विश्वास ठेवलास. मनातून तू चारचौघींसारखी रूढी मानणारी बाई आहेस, म्हणून मी तुझा निरोप घेते. आई दार आपटून जाते आणि मुलगी कागदांत डोकं घालते.

व्हिव्ही थंड वाटते, आणि अनेकांना ती आवडत नाही. मला ती कळते. लग्न, प्रेम, आईचा पैसा, तिन्ही सोडून स्वतःच्या कमाईवर उभं राहणारी बाई इंग्लिश रंगभूमीवर तेव्हा जवळपास नव्हतीच. प्रत्यक्षात मात्र अशा बाया होत्या. व्हिव्ही कागदावर उतरत होती त्याच वर्षी आपल्या मुंबईची रखमाबाई लंडनमध्ये डॉक्टरीचं शिक्षण घेत होती. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जायचं तिने नाकारलं होतं. नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा हुकूम १८८७ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने दिला तेव्हा तुरुंगात जायची तिची तयारी होती. पुढच्या वर्षी दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, १८८९ मध्ये ती इंग्लंडला गेली आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाली. लग्नातला पैसा आणि बाईचा देह यांचं नातं मराठी रंगभूमीनेही त्याच दशकात चव्हाट्यावर आणलं: गोविंद बल्लाळ देवलांच्या १८९९ च्या ‘संगीत शारदा’त कांचनभट पैशासाठी आपली पोर म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो, आणि भद्रेश्वर दीक्षित दलाली करतो. देवलांनी शॉ वाचला होता असं मला म्हणायचं नाही. दोन्हीकडचा राग मात्र एकाच प्रकारचा आहे. आणि नाटकाची संहिता प्रयोगाआधी तपासून घ्यायची पद्धत इंग्लंडने १९६८ मध्ये टाकून दिली, तरी महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या रूपाने ती टिकून राहिली. १९७२ मध्ये ‘सखाराम बाइंडर’ या नाटकासाठी दिग्दर्शक कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयात जावं लागलं ते याच पद्धतीमुळे.

शॉ १९५० मध्ये वारला, त्यामुळे त्याचं लेखन आता स्वामित्वहक्काच्या बाहेर आहे आणि मूळ इंग्रजी नाटक इंटरनेटवर मोफत मिळतं. चारच अंक आहेत, एका बैठकीत होतात. प्रस्तावना लांब आणि वादविवादाने भरलेली आहे, ती नंतर वाचा. सुरुवातीला पहिल्या अंकातल्या गप्पा रेंगाळल्यासारख्या वाटल्या तर दुसऱ्या अंकाच्या अखेरीला, आईच्या कहाणीपाशी, जाऊन बसा. मग तिसऱ्या अंकात क्रॉफ्ट्स बागेत व्हिव्हीशी बोलतो तो प्रसंग वाचा, आणि वाचताना पगार, टक्के आणि पौंड यांचा प्रत्येक आकडा एका कागदावर लिहीत चला.